गृहकर्जावरील करसवलत गेली तर?

गृहकर्जाच्या व्याजावरील आयकराची सवलत सरकारने काढली तर काय होते? ब्रिटनचे उदाहरण पाहू.

तेथे दोन-तीन मित्र मिळून एक घर घेत आणि प्रत्येकजण वेगळी सवलत मिळवी. ऑगस्ट १९८८ पासून एका घराला एकच सवलत, असे अर्थमंत्री लॉसन यांनी मार्चमध्येच जाहीर केले. मधल्या महिन्यांत खरेदीसाठी झुंबड उडाली, भाव भडकले. पुढे व्याजदर चढले, भाव उतरले आणि अनेकांचे कर्ज घराच्या किमतीहून जास्त झाले.

नंतर सरकारने सवलत हळूहळू घटवली : १९९४ साली २० टक्के, १९९५ साली १५, १९९८ साली १०. एप्रिल २००० मध्ये ती संपली. बाजार मात्र कोसळला नाही.

बोध असा की, सवलतीचा काही भाग घराच्या भावातच मिसळतो. म्हणजे विकणाऱ्याच्या खिशात जातो.

पालकांनो, आपल्याकडेही २०२० साली आलेल्या नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर सवलत नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत आहे. म्हणून आम्ही सुचवतो : घर घेताना हिशेब सवलतीवर नव्हे, झेपणाऱ्या हप्त्यावर मांडा, आणि तो मुलांना शेजारी बसवून मांडा.