गोळी देण्याआधी आणि गोळी बंद झाल्यावर

देगलूर,
श्रावण वद्य पंचमी

चि. मीनल हिस,


हाणेगावकडच्या आरोग्य उपकेंद्रात तू रुजू झालीस, खोलीही मिळाली, हे दादाकडून कळलं. बरं वाटलं. माला-एन या गर्भनिरोधक गोळीची पाकिटं मागायला बायका येतात, पण त्या गोळीनं लकवा होतो असं ऐकल्यापासून द्यायला हात धजत नाही, असं तू लिहिलंस. जे ऐकलंस ते खोटं नाही, अर्धवट आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

माला-एनच्या एका गोळीत 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल आणि 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. यातलं इथिनिल इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. 1960 साली अमेरिकेत पहिल्या गोळीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्यातलं इस्ट्रोजेन आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. गुठळ्यांच्या तक्रारी येत गेल्या, तसं ते उतरवत आणलं. तरी धोका शून्यावर आला नाही. डेन्मार्कमध्ये 1995 ते 2009 या काळात सोळा लाखांवर बायकांच्या नोंदी तपासल्या. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लाखभर बायकांमागे वर्षाला एकवीसेक जणींना गुठळीमुळे लकव्याचा झटका येत होता. आपल्या माला-एनसारख्या गोळ्यांनी तो धोका साधारण दीड ते दोन पट होतो. म्हणजे धडधाकट तरुण बाईला धोका फार कमी. नको असलेलं बाळंतपण तिच्या जिवाला याहून जड जातं. तेव्हा गोळी बंद करून टाकणं हा आपला मार्ग नव्हे. विचारून देणं हा आहे.

काय विचारायचं? अर्धशिशी आहे का, आणि डोकं धरण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड किंवा काजवे येतात का. येत असतील तर ही गोळी मुळीच नको. पस्तिशी ओलांडलेली आणि बिडी ओढणारी, आधी पायात किंवा छातीत गुठळी झालेली, अंगावर पाजणारी सहा आठवड्यांच्या आतली बाळंतीण, यांनाही नको. अंगावर पाजणारीला तर सहा महिने होईपर्यंत दुसरं साधन सुचव. आणि बीपी मोजल्याशिवाय पाकीट हातात देऊ नकोस. 140/90 च्या वर असेल तर डॉक्टरांकडे पाठव.

आता महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून बाया सरळ मेडिकलवरून गोळ्या आणतात. जाऊबाई सांगते, दुकानदार देतो. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसाला तीन. तिच्यात इस्ट्रोजेन नाही असं वाटतं, पण इतक्या मात्रेत घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलच होतो. तीनचार दिवस घेतल्यानं सगळ्यांचंच काही बिघडत नाही. पण अंगात रक्त कमी, त्यात उपास, दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि वर ही गोळी, असं सगळं एका जागी आलं की मेंदूच्या शिरेत रक्त गोठू शकतं. आपल्या भागातले पेशंट हैदराबादला जातात. तिथल्या निम्स रुग्णालयात 2002 ते 2010 या काळात मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या 428 रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या 49 जणी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या होत्या. रक्त कमी असलेले तर त्याहून जास्त होते. गोळीइतकंच हिमोग्लोबिनकडेही बघत जा, ते यासाठी.

शिरेतल्या गुठळीचा हा झटका ओळखायला अवघड, कारण तो नेहमीच्या लकव्यासारखा येत नाही. धमनी बंद झाली तर क्षणात तोंड वाकडं होतं, हात गळतो, बोबडी वळते. शिरेतली गुठळी मात्र हळूहळू त्रास देते. चार-आठ दिवस डोकं दुखत राहतं, आडवं झालं की वाढतं, उलट्या होतात, अंधुक दिसतं, मग एकदम फिट येते. घरचे म्हणतात पित्त झालं, नाहीतर बाहेरचं लागलं, आणि अंगारा लावून बसतात. तरुण बाईची अशी डोकेदुखी दिसली की तुझा पहिला प्रश्न हाच असू दे, ‘बाई, कुठली गोळी घेतेस का?’ सासूसमोर ती सांगणार नाही. सासूला चहाला बाहेर पाठव.

संशय आला की गोळी तिथेच बंद. साखर तपास, तोंडात पाणी-तेल काही घालू देऊ नकोस, ॲस्पिरिनही स्वतःहून देऊ नकोस. लकव्यावर म्हणून पारव्याचं रक्त चोळायला कुणी निघालं तर आडवी हो. 108 ला फोन कर आणि शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ चिठ्ठीवर लिहून दे. लकवा धमनीतला निघाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आपल्याकडून नरसी-नायगावच्या रस्त्यानं नांदेड गाठायलाच दोनेक तास जातात. गोळीचं रिकामं पाकीटही पेशंटसोबत पाठव. ते पाहून डॉक्टर शिरांचा एमआरआय लवकर सांगतील. नुसत्या साध्या सीटीत ही गुठळी कधी कधी सुटते.

पुढे दवाखान्यात घरच्यांचा गोंधळ उडतो. सीटीत रक्तस्राव दिसतो आणि तरी डॉक्टर रक्त पातळ करणारं हेपारिन द्यायचं म्हणतात. नवरा सही करायला घाबरतो. त्याला फोनवरून समजाव. शीर तुंबली म्हणून मागचं रक्त फुटून बाहेर आलंय. तुंबलेलं मोकळं झालं नाही तर ते आणखी फुटेल. वेळेत हेपारिन मिळालेल्या बऱ्याच बाया आपल्या पायांनी घरी येतात.

घरी आल्यावर खरं तुझं काम सुरू होतं, आणि नेमकं तिथेच आपली व्यवस्था ढिली पडते. कागदावर लिहितात, ‘गोळ्या बंद.’ बंद, मग काय वापरायचं, हे कुणीच सांगत नाही. त्या बाईला तीन ते बारा महिने वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम हे रक्त पातळ करणारं औषध चालू असतं. त्या काळात दिवस गेले तर पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका आणखी वाढतो. म्हणजे साधनाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच तिच्या हातातलं साधन काढून घेतलेलं असतं. ही गोष्ट मला फार लागते.

तिच्याकडे पहिल्या आठवड्यातच जा. इस्ट्रोजेनची गोळी आता जन्मात नाही, हे तिला आणि नवऱ्याला दोघांना समोर बसवून सांग. कॉपर-टी चालते, पाळीला रक्त जास्त जातंय का तेवढं बघत राहायचं. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. कॉपर-टी बसेपर्यंत निरोध. लेकरं पुरी झाली असतील तर नवऱ्याच्या नसबंदीचं बोल, स्पष्ट बोल. जी बाई मरणाच्या दारातून आली तिच्याच पोटाला पुन्हा टाका कशासाठी? रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या आयएनआर तपासणीच्या तारखा तुझ्या रजिस्टरात मांड, आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये हवा. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून आणू नको म्हणावं, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

बीपीच्या मशीनचा कफ फाटलाय असं दादा म्हणत होता. तो महालक्ष्म्यांच्या आत मागवून घे, नाही मिळाला तर मला कळव, मी इथून घेऊन देते.

तुझी,
आत्या