हात थांबला, पण स्वभाव का बदलला?

प्रश्न : माझ्या यजमानांना बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे. गेल्या वर्षी मुंबईत डीबीएसची शस्त्रक्रिया झाली. हाताचा कंप जवळजवळ गेला, कप सांडत नाही. पण बोलताना शब्द अडतो, पटकन चिडतात, आणि परवा घरात कुणाला न विचारता पैठण रोडवरच्या प्लॉटचं टोकन देऊन आले. भाजी घ्यायलाही चार गाड्या फिरणारा हा माणूस! मेंदूतल्या तारांमुळे स्वभाव बदलतो का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बदलू शकतो. पण सगळा दोष तारांवर टाकू नका. गोळ्यांची पाकिटंही काढून बघा.

आधी तारांचं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली कंपासाठी डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून तिथे वीज देण्याची ही पद्धत सुरू केली. पार्किन्सन्समध्ये तार बहुतेक वेळा सबथॅलमिक न्यूक्लियस या जागी बसवतात. ही जागा फार तर बोराच्या बीएवढी. तिच्या एका भागाचं काम हालचालीचं, शेजारच्याचं विचाराचं, त्यापलीकडच्याचं भावनेचं. विजेला या हद्दी कळत नाहीत. १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकीकत छापली. यंत्राचा एक विशिष्ट बिंदू चालू करताच काही सेकंदांत त्या हमसून रडू लागल्या, जगण्यात अर्थ नाही म्हणू लागल्या. बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत पूर्ववत. आजाराची लक्षणं कमी करणारा बिंदू तिथून फक्त २ मिलिमीटर वर होता.

या जागेचं एक काम म्हणजे थांबवणं. दोन पर्याय जवळपास सारखे असले की आपण जरा अडखळतो, विचार करतो. संशोधक मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की यंत्र चालू असताना रुग्ण नेमके अशाच वेळी घाईनं निर्णय घेतात. गोळ्यांचा परिणाम वेगळा निघाला : त्या घेताना तोट्यातून धडा कमी शिकला जातो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी जुगार, अनावर खरेदी, खाण्याचा अतिरेक सुरू झालेले रुग्ण तर डॉक्टरांना चांगले परिचित आहेत. त्यामुळे प्लॉटच्या प्रकरणात मला पहिला संशय गोळ्यांचा येतो, दुसरा तारांचा. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या कमी केल्यामुळे काहींचा हा नाद सुटतोही. मात्र त्या फार झपाट्यानं कमी केल्या तर माणूस उदास होतो, कशातच मन लागत नाही.

शब्द अडण्याचं कोडं निराळं आहे. एका मिनिटात 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगा, अशी एक चाचणी असते. डीबीएसनंतर तिच्यात घट दिसणं हा सगळ्यांत नियमित आढळणारा बौद्धिक परिणाम. तो बहुधा विजेपेक्षा तार आत घालण्यामुळेच होतो, म्हणून यंत्र बंद करूनही फारसा फरक पडत नाही. स्मरणशक्ती सहसा टिकते. आजार स्वतःही विचार मंदावतो, हे विसरू नका. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या रोगात बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं होतं. ते पुढे चूक ठरलं.

उदासीची मात्र हयगय नको. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातल्या डॉ. परेश दोशी आणि सहकाऱ्यांनी २००२ सालीच डीबीएसनंतर नैराश्य येऊन आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढे सुमारे ५,३०० रुग्णांच्या पाहणीत ०.४५ टक्के आत्महत्या आणि ०.९ टक्के प्रयत्न आढळले. पहिल्या वर्षी धोका जास्त. तसं बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी तुमच्या शहरातल्या घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

तुमच्या बाबतीत बरंचसं दुरुस्त होण्याजोगं आहे. व्होल्टेज, बिंदू, गोळ्यांचा डोस, सगळं बदलता येतं. फक्त स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. कधी चिडले, काय विकत घेतलं, कोणत्या गोळीनंतर, मशीनची सेटिंग केव्हा बदलली, हे तारखांसह वहीत लिहा. तोवर बँकेतले मोठे व्यवहार दोघांच्या सहीनं ठेवा. आणि पुढच्या तपासणीला तुम्हीही आत जा. रुग्णाला स्वतःतला बदल बहुधा जाणवतच नाही. डॉक्टरांनी विचारलं की ते 'एकदम मस्त' म्हणतील, हात न थरथरता चालूनही दाखवतील, आणि प्लॉटचा विषय निघणारच नाही.