वाचकांचे प्रश्न : युरो घ्यायचे कुठून?

प्रश्न : मी आणि माझे पती जूनमध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंडच्या सहलीला जात आहोत. सहलीचे पैसे भरून झाले आहेत. वरखर्चासाठी साधारण 2,000 युरो लागतील. तीन ठिकाणी चौकशी केली तर तिन्हीकडे दर वेगळे, आणि इंटरनेटवर दिसतो तो दर कुणीच देत नाही. ओळखीचे एक गृहस्थ बिल नको असेल तर युरोमागे दोन रुपये कमी लावायला तयार आहेत. की युरो उतरेपर्यंत थांबावे? परक्या मुलखात पैसे कमी पडले तर काय करायचे, याची धास्ती वाटते. – एक वाचक, सांगली

उत्तर : इंटरनेटवर दिसतो तो बँकांच्या आपापसातल्या मोठ्या व्यवहारांचा मधला दर. ग्राहकाला तो काउंटरवर मिळत नाही. बँक असो वा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनी चेंजर, त्या दरावर आपला नफा चढवूनच चलन विकतो. नोटा बाहेरून आणाव्या आणि सांभाळाव्या लागतात, म्हणून नोटांचा दर सहसा फॉरेक्स कार्डाच्या, म्हणजे आधीच परकी चलन भरून घ्यायच्या कार्डाच्या, दरापेक्षा चढा असतो. ‘झिरो कमिशन’ची पाटी पाहून हुरळून जाण्यासारखे काही नाही, कमिशन दरातच बसवलेले असते. तुलना करायची तर तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी एकच गोष्ट विचारावी : एक हजार युरोंसाठी, कर आणि शुल्क धरून, खात्यातून एकूण किती रुपये जातील? चलनखरेदीवरचा जीएसटी एक लाख रुपयांच्या व्यवहाराला 180 रुपये एवढाच असतो. कुणी कराच्या नावाखाली हजार-दोन हजार सांगत असेल, तर तिथून उठावे.

बिनबिलाचा सौदा करू नये. त्यात चार हजार रुपये वाचतील. पण नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा नाही, आणि परकी चलनाविषयीच्या फेमा कायद्याखालचा दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. दर उतरण्याची वाट पाहणे हाही जुगारच. युरो एका रुपयाने हलला तर या रकमेत 2,000 रुपयांचा फरक पडतो. तेवढ्यासाठी महिनाभर झोप घालवू नये. निम्मे आता घ्यावेत, निम्मे निघण्याच्या आठवड्यात. विमानतळावरचा काउंटर सर्वांत महागड्यांपैकी असतो. तिथे फक्त अडचणीपुरतेच चलन घ्यावे.

पत्रात विचारलेली नाही, पण सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट पुढेच आहे. इथे दहा ठिकाणी फिरून पैशा-पैशाची घासाघीस केलेली माणसे पॅरिसच्या दुकानात एका बटणावर ती सगळी कमाई घालवून बसतात. कार्ड यंत्रात घातले की पडद्यावर दोन आकडे येतात, एक युरोत आणि एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. विक्रेताही आपुलकीने म्हणतो, ‘इंडियन रुपीज?’ आणि माणूस हो म्हणतो. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपयांचा तो दर बँकेचा नसतो. दुकानाच्या बाजूची कंपनी तो लावते आणि त्यातला वाटा बहुधा दुकानदारालाही मिळतो. म्हणून आग्रह होतो.

हिशोब पाहावा. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. 300 युरोंचे घड्याळ म्हणजे 30,000 रुपये. यंत्राने सहा टक्के चढवले की पावती 31,800 रुपयांची होते. कार्डात भरलेले आहेत युरो आणि वसुली आली रुपयांत. म्हणून कार्ड देणारी बँक ती पुन्हा युरोत बदलते आणि त्यावर क्रॉस-करन्सी शुल्क लावते. ते साडेतीन टक्के असेल तर आणखी सुमारे 1,100 रुपये गेले, वर त्यावरचा जीएसटी. युरो म्हटले असते तर कार्डातून नेमके 300 युरो गेले असते.

एटीएमवरही हेच घडते, फक्त भाषा अधिक फसवी असते. पडद्यावर ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ असे पर्याय येतात. डिक्लाइन म्हटले तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती वाटून माणसे ॲक्सेप्ट दाबतात. डिक्लाइनने नाकारला जातो तो फक्त त्यांचा दर, पैसे मिळतात. पावतीवर ‘आयएनआर’ दिसले तर सही करण्यापूर्वी, काउंटरवरच, व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगावे. पर्याय देणे हे दुकानदारावर कार्ड कंपन्यांच्या नियमांनीच बंधनकारक आहे. एकदा दुकानाबाहेर पडल्यावर भांडणात फारसे हाती लागत नाही.

दुसरे, पत्रात फ्रँकचा उल्लेखच नाही. स्वित्झर्लंडचे चलन स्विस फ्रँक. नुसते युरो भरलेले कार्ड तिथे वापरले की प्रत्येक कॉफीला क्रॉस-करन्सी शुल्क बसते. म्हणून दोन्ही चलने वेगळी भरता येतील असे मल्टि-करन्सी कार्ड घ्यावे. दोघांत मिळून तीन-चारशे युरो आणि शंभर-दीडशे फ्रँक नोटांत पुरेत. नोटांची मर्यादा बहुतेक देशांसाठी माणशी, दर प्रवासाला 3,000 डॉलर आहे. 50,000 रुपयांवरचे चलन रोखीने विकत घेता येत नाही.

पैसे कमी पडण्याची धास्ती रास्त आहे, पण तिच्यापायी सगळी रक्कम आधीच भरू नये. उरलेले चलन परत विकताना बँकेचा खरेदीचा, म्हणजे कमी, दर लागतो आणि दुसऱ्यांदा तोटा होतो. कार्ड परदेशात असतानाही भरता येते का, ते घेतानाच बँकेला विचारावे आणि मोबाइल ॲपवर एकदा करून पाहावे. जोडीला एक बँकेचे डेबिट कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवावे. 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशातील वापर बंदच असतो; तो निघण्यापूर्वी सुरू करावा. क्रेडिट कार्डाने रोकड काढू नये. व्याज त्याच दिवसापासून लागते.

खरेदीची बिले परत येईपर्यंत जपावीत. परतल्यावर उरलेल्या नोटांपैकी 2,000 डॉलरपर्यंतचे चलन जवळ ठेवता येते. त्यावरचे 180 दिवसांत बँकेकडे किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे परत करावे लागते.