गोदामातलं सोयाबीन कोणत्या भावाने धरायचं?

प्रश्न : किल्लारीत माझं भुसार खरेदीचं दुकान आहे. मार्चअखेर ३० क्विंटल सोयाबीन शिल्लक आहे. हिशेबात ते खरेदीच्या भावाने धरू, बाजारभावाने की हमीभावाने?
– एक व्यापारी, किल्लारी (ता. औसा)

उत्तर : नियम सरळ आहे. खरेदीखर्च आणि विकून हाती पडणारी निव्वळ रक्कम, यांत जी कमी ती धरायची. समजा, हमाली-भाड्यासह आधी ४० क्विंटल ४,३०० रुपयांनी, नंतर ६० क्विंटल ४,६०० रुपयांनी घेतलं आणि ७० विकलं. ‘आधी आलं ते आधी गेलं’ या पद्धतीने उरलेल्या मालाचे १,३८,००० होतात, भारित सरासरीने १,३४,४००. कोणतीही एक पद्धत धरा, पण दरवर्षी बदलू नका. आता ३१ मार्चला लातूरच्या बाजारात भाव ४,२०० आणि विक्रीचा खर्च क्विंटलमागे ५० असेल, तर हाती १,२४,५०० पडतील. हाच आकडा लिहा.

हमीभाव इथे लागू नाही. हमीभावाने होणारी खरेदी शेतकऱ्यांच्या मालाची असते. माल ३१ मार्चलाच काट्यावर घाला. ओल सुकून आलेली नेहमीची घट वेगळी न दाखवता उरलेल्या मालाच्या खर्चात बसवा. शेतकऱ्याने नुसतं ठेवायला दिलेलं पोतं मात्र तुमच्या साठ्यात मोजू नका.