खाडीच्या वेळेने निघ गं

यादी वाचली गं तुझी. अलिबागहून निघायचं आणि मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत वेंगुर्ल्याला पोचायचं, तेही चार दिवसांत! तिघी मैत्रिणी जाणार, गाडी तूच चालवणार. मग सांगते त्याचा राग मानू नकोस, यातलं निम्म्याहून जास्त खोडून टाक. हर्णैपासून रत्नागिरीपर्यंतचा तुकडा तेवढा ठेव. चार दिवसांना तोच पुरून उरेल.

नकाशावर अंतरं चिमुकली दिसतात, पण किनाऱ्याने जाताना सारखी खाडी आडवी येते. दाभोळच्या धक्क्यावर उभी राहिलीस की पलीकडचं धोपावे समोरच दिसतं. फेरीबोटीने गाडीसकट दहा-पंधरा मिनिटांत पार होशील. तीच फेरी चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घेऊन गुहागर गाठायला शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. पुढे तवसाळहून जयगडला जाताना पुन्हा तेच. तेव्हा दिवसाची आखणी किलोमीटरवर नको, फेरीच्या वेळांवर कर. शेवटची फेरी कितीला सुटते ते आदल्या रात्री मुक्कामाच्या घरीच विचारून ठेव. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणून तासभर हाताशी असू दे.

आणि निघण्याआधी पंचांग बघ. हसू नकोस! किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसा तशीच रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, पण सहलीला चालतो. याचा उपयोग काय? हेदवीला बामणघळ आहे, खडकातली लांब अरुंद चीर. भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून परत याल. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात घळीच्या काठाशी जायचं नाही. फोटो लांबून काढा, कितीही मोह झाला तरी. गाडी पुळणीवर उतरवायची नाही, हेही आत्ताच ठरवून टाक. वाळू वरून घट्ट दिसते, चाक रुतलं की कळतं, आणि तोवर भरती सुरू झालेली असते.

हर्णैला संध्याकाळी पोच. होड्या लागतात, बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मासे खाणारी नसलीस तरी तो लिलाव चुकवू नकोस. जवळच आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, तिथे सकाळी जा, उन्हाआधी. गुहागरला मात्र दोन रात्री काढ. व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. गावातल्या जुन्या घरांमागे नारळी-पोफळीची आगरं आहेत, त्यांमधल्या वाटेने सकाळी नुसतं फिरायचं. त्या दिवशी काही ‘बघायला’ जायचं नाही. मैत्रिणी कुरकुरतील, करू दे.

राहायला घरगुती सोय बघ. फोनवर विचारायला लाजू नकोस. बाथरूम खोलीला जोडून आहे का, गाडी आवारात उभी राहील का, रात्री फाटक कितीला लावतात, घरात बायकामाणसं आहेत का. समोरचा माणूस उत्तर कसं देतो यावरूनच निम्मं कळतं. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवायचं, कारण तिथे माणसं मोजून रांधतात. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. ऐन दुपारी दारात उभं राहून तिघींचं ताट मागितलंस तर त्या बाईची किती धावपळ होईल, विचार कर. शिमग्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, तेव्हा पाहुणे घेणारी घरंही पुष्कळदा भरलेली असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर सोडूनच दे. नोव्हेंबर किंवा जानेवारीतला मधला वार घे.

आता आपल्यातलं. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी प्यायचं टाळू नकोस. आपण बायका हेच करतो आणि मग डोकं धरून बसतो. खाणावळीत चहा मागायचा आणि सरळ विचारायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर लागेल ते घरूनच भरून ने.

रस्ता अरुंद, वळणं आंधळी. वळणावर हॉर्न दे, समोरून एसटी आली की जिथे रुंदी दिसेल तिथे आधीच थांब. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. रस्त्यावर दिवे नसतात आणि गुरं बसलेली असतात. पेट्रोल दापोलीतच भर, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, रोख पैसे जवळ असू देत.

जयगडला उतरल्यावर मालगुंडला थांब, केशवसुतांचा जन्म तिथला, १८६६ सालचा. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आतल्या रस्त्याने नको, आरे-वारेच्याच रस्त्याने जा. चढावर गाडी नीट बाजूला घे आणि खाली बघ, दोन्ही किनारे दिसतात. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहेच. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजवाड्याच्या ऐटीपेक्षा मला त्याचं एकाकीपणच जास्त जाणवतं, पण ते तू जाऊन ठरव.

विजयदुर्ग-मालवण पुढच्या वर्षाला ठेव, त्याला वेगळे चार दिवस हवेत. तारीख ठरली की पहिला फोन राहायच्या घरी कर, दुसरा मला. आईला काय सांगायचं ते मी बघते.