घड्याळ तिप्पट, मग काम किती?

विज्ञान प्रदर्शनात हल्ली विद्यार्थी मायक्रोकंट्रोलरवर आधारलेली उपकरणे मांडतात. त्यांच्या प्रकल्पवहीत 'प्रोसेसरचा वेग ७२ मेगाहर्ट्झ' असे वाक्य बहुधा आढळते. हा आकडा खोटा नाही. परंतु तो घड्याळाचा आहे, कामाचा नव्हे. अधिक वेगवान बोर्डासाठी पालकांकडे पैसे मागण्यापूर्वी हा भेद स्वतः मोजून पाहावा. त्यासाठी एसटीएम३२एफ१०३ ही परिचित चिप उदाहरणादाखल घेऊ.

वीज गेली तरी प्रोग्राम टिकावा म्हणून तो फ्लॅश स्मृतीत ठेवलेला असतो. मात्र फ्लॅश वाचण्यास वेळ लागतो. घड्याळ २४ मेगाहर्ट्झपर्यंत असेल तर प्रोसेसरला थांबावे लागत नाही. ४८ पर्यंत प्रत्येक वाचनामागे एक ठोका आणि ७२ पर्यंत दोन ठोके थांबण्याची तरतूद करावी लागते. यालाच 'वेट स्टेट' म्हणतात. आता हिशेब पाहा. २४ मेगाहर्ट्झवर एक ठोका सुमारे ४१.७ नॅनोसेकंदांचा असतो. ७२ वर तो १३.९ नॅनोसेकंदांचा होतो, पण वाचनाला तीन ठोके लागतात. म्हणजे पुन्हा ४१.७ च. घड्याळ तिप्पट झाले, फ्लॅश होती तेथेच राहिली.

वसतिगृहातील आचारी कितीही चपळ असला, तरी कोठीतून पीठ येईपर्यंत तवा रिकामाच राहतो. म्हणून या चिपमध्ये एका खेपेस ६४ बिट, म्हणजे दोन ते चार आज्ञा, आणल्या जातात आणि 'प्रीफेच बफर' पुढची खेप आधीच आणून ठेवतो. आज्ञा ओळीने चालत असतील तर प्रतीक्षा बरीचशी झाकली जाते. लूप, अट किंवा फंक्शनमुळे प्रोग्रामने उडी घेतली की आणलेला माल वाया जाऊ शकतो. म्हणूनच 'फ्लॅशमुळे वेग इतके टक्के घटतो' असे सरसकट सांगणे मला पटत नाही.

मोजावे कसे? या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्यात ठोके मोजणारा ३२ बिटांचा गणक आहे. इंटरप्ट बंद करून कामाआधी व कामानंतर तो वाचावा आणि वजाबाकी करावी. ७२ मेगाहर्ट्झवर हा गणक सुमारे ५९.६ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा काम त्याहून लहान असावे. तेच काम २४ वर आणि ७२ वर चालवावे. ठोके सारखेच आले तर वेग खरोखर तिप्पट झाला. समजा, २४ वर १००० आणि ७२ वर १५०० ठोके लागले, तर वेग दुप्पटच झाला. वाढलेले ५०० ठोके वाट पाहण्यात गेले. प्रीफेच बंद करूनही तुलना करावी, मात्र तो बदल घड्याळ २४ मेगाहर्ट्झहून कमी असतानाच करायचा असतो.

'प्रोग्राम रॅममध्ये हलवा' हा सल्ला अनेक जण देतात. तोही तपासूनच स्वीकारावा. या चिपवर रॅममधील आज्ञा आणि डेटा एकाच सिस्टम बसवरून येतात व एकमेकांना अडवतात. फंक्शन काही बाइट पुढे सरकले तरी ठोके बदलू शकतात, म्हणून वहीत निकालाशेजारी घड्याळ, वेट स्टेट, प्रीफेचची स्थिती, कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी आणि फंक्शनचा पत्ता अवश्य लिहावा.