नकाशातली निळी रेघ आणि मोरणेचा काठ

वाटाड्या न घेता, हाती नकाशा धरून एखाद्या शहराचा पाणकाठ पायी पाहण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी दोन गृहीते असतात. पाण्याच्या कडेने सलग चालता येते, हे पहिले; आणि शहरातील महत्त्वाच्या वास्तू पाण्याकडे तोंड करून उभ्या असतात, हे दुसरे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ही गृहीते खरी ठरतात, कारण तो रस्ता समुद्रात भर घालून मुद्दाम आखलेला आहे. पंढरपूरच्या घाटांवरही ती बऱ्याच अंशी टिकतात. वऱ्हाडात मात्र, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला आणि अमरावती या शहरांत, त्यांच्या भरवशावर निघणाऱ्याची फसगत ठरलेली असते, कारण येथे नदीचा उपयोग किल्ल्याला आडोसा म्हणून, पाणवठा म्हणून, धुणे-दहनासाठी आणि पुढे सांडपाणी सोडण्यासाठी झाला. तिच्या काठाने मिरवावे अशी कल्पना शहर वसवणाऱ्यांच्या मनात नव्हती आणि घरांच्या मागच्या भिंती तेवढ्या नदीकडे आल्या.

अकोल्याची मोरणा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. जुने अकोले नदीच्या पश्चिम काठावर, तर ताजनापेठ, रेल्वे स्थानक आणि इंग्रजी अमदानीतील कचेऱ्या पूर्व काठावर, अशी शहराची दुभागणी असल्यामुळे नकाशावर मधून जाणारी निळी रेघ ही चालण्याची आयती वाट वाटते. प्रत्यक्षात त्या रेघेच्या कडेने उतरणाऱ्याला थोड्याच अंतरावर बेशरमाची झुडपे, नाल्याचे तोंड किंवा एखाद्या घराचे परसदार आडवे येते, आणि परत फिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पात्रात पसरणारी जलकुंभी, म्हणजे साचलेल्या व सांडपाण्याने माजलेल्या पाण्यावर वाढणारी तरंगती वनस्पती, ही दुसरी फसवी गोष्ट होय: दुरून ती हिरवळीसारखी दिसते, आणि तिच्याखाली पाणी किती व गाळ किती याचा अंदाज काठावरून येत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो अकोलेकरांनी पात्रात उतरून सुमारे चार किलोमीटरचा पट्टा स्वच्छ करण्यास आरंभ केला आणि त्या मोहिमेचा उल्लेख पंतप्रधानांनी त्याच महिन्यातील ‘मन की बात’मध्ये केला, ही वार्ता वाचून काठ आता फिरण्याजोगा असेल असे समजून येणारेही असतात, परंतु वरून सांडपाणी येत राहते तोवर जलकुंभी पुन्हा फोफावते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

म्हणून येथे चालण्याचा मार्ग फणीसारखा आखावा लागतो: मुख्य चाल शहरातल्या रस्त्याने ठेवावी आणि पूल, वेस किंवा देऊळ आले की तेवढ्यापुरते काठापर्यंत जाऊन त्याच वाटेने माघारी यावे. पूर्व काठावरून आरंभ करून दगडी पुलावरून मोरणा ओलांडावी, कारण पात्राची रुंदी, तिच्या वळणावर असलेली जुनी वस्ती आणि किल्ल्याची जागा यांचा परस्परसंबंध पुलावरून जितका कळतो तितका काठावर उतरून कळत नाही.

असदगड हा अकोल्याचा किल्ला होय. औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या जहागिरीत अकोले होते आणि त्याच्याच नावावरून गडाला हे नाव पडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्वाजा अब्दुल लतीफ याने येथे बांधकाम केल्याचे शिलालेखांवरून दिसते. गंमत अशी, की अगरवेस या दरवाजावरील मराठी लेख मात्र १८४३ साली गोविंद आप्पाजी याने किल्ला बांधल्याचे सांगतो, आणि हा एक लेख बाकीच्या साऱ्या पुराव्याशी फारकत घेतो. डागडुजी करणाऱ्या कारभाऱ्याने सगळ्या किल्ल्याचे श्रेय स्वतःकडे घ्यावे, यात अशक्य काहीच नाही. सार्वजनिक कामांच्या कोनशिला वाचणाऱ्याला हा स्वभाव ओळखीचा वाटेल. १८७० च्या सुमारास तटाचा बराचसा भाग उतरवण्यात आल्यामुळे आज सलग तटबंदीची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होते. बुरुज आणि भिंतींचे तुकडे सुटे सुटे पाहून ते मनातल्या मनात जोडावे लागतात. ढासळत्या बुरुजावर चढण्याचा मोह आवरावा, कारण माथ्यावरची माती आणि आतला भराव सुटलेला असतो.

किल्ल्यापासून राजराजेश्वर मंदिर फार दूर नाही. अकोले वसवणाऱ्या अकोलसिंगाची राणी मध्यरात्री या देवळात जाई, राजाने संशय धरून तिचा पाठलाग केला आणि तिने केलेल्या प्रार्थनेवर पिंड दुभंगून ती आत सामावली, अशी दंतकथा सांगितली जाते. या देवळाचे पाण्याशी असलेले नाते मोरणेपेक्षा पूर्णेशी अधिक आहे: श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावडधारी, म्हणजे बांबूच्या दांडीला पाण्याच्या घागरी बांधून ती खांद्यावर वाहणारे भक्त, गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी रात्रभर चालून आणतात आणि येथे अभिषेक करतात. त्या दिवशी शहरातील मुख्य रस्ते कावडींनी भरून वाहतात, त्यामुळे वास्तू पाहण्यासाठी तो दिवस निवडणे व्यर्थ आहे. पण वऱ्हाडातील पाणी आणि पायवाट यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर त्याहून चांगला दिवस नाही. गांधीग्रामपर्यंत स्वतंत्रपणे जाणाऱ्याने तेथील ब्रिटिशकालीन पूल २०२२ मध्ये तडे गेल्याने वाहतुकीस बंद करावा लागला होता, हे विसरू नये आणि जुन्या पुलांच्या कठड्यांवर विसंबू नये. शिवाय पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश खारपाणपट्टा आहे, म्हणजे येथील भूजलात क्षार इतके असतात की विहिरीचे वा हापशाचे पाणी तहान भागवत नाही. अकोला शहराला पाणी महान येथील काटेपूर्णा धरणातून येते. वाटेवरच्या हापशावर भिस्त न ठेवता पाणी घरूनच भरून न्यावे.

मातीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण काठावरच्या अनेक अपघातांचे मूळ तिच्यात असते. काठाची काळी कापसाची जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यावर पाय ठरत नाही आणि चपलेला चिकटणारा चिखल प्रत्येक पावलाला वजन वाढवतो. उन्हाळ्यात तीच जमीन काठाला समांतर फाटते, आणि वरून टणक दिसणारी कडेची ढेप माणसाच्या भाराने सरळ पात्रात सुटते. ज्या ठिकाणी काठाला समांतर भेग दिसेल, तेथे भेगेच्या अलीकडेच थांबावे. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असताना पलीकडे जाऊ नये, मग गावकरी जात असले तरीही. त्यांना खाचखळगे पाठ असतात. जुलै २०२१ मध्ये मोरणेचा पूर अकोल्यातील वस्त्यांत शिरला होता, तेव्हा शहरातली नदी म्हणून ती बापुडी समजण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एकूण दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ आणि त्यातही सकाळची वेळ, एवढाच खरा हंगाम.

ज्याला नदी आणि वास्तू यांची खरी सांगड पाहायची असेल त्याने अकोल्याहून बाळापूर गाठावे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाच्या बेचक्यात उभा असलेला हा विटांचा किल्ला इस्माईल खान या एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) नबाबाने १७५७ मध्ये पुरा केला, आणि पावसाळ्यात एक बाजू सोडली तर तो पाण्याने वेढला जाई, म्हणजे खंदकाचे काम नद्यांनीच केले. किल्ल्याइतकीच नदीकाठची काळ्या पाषाणाची छत्री पाहण्याजोगी आहे. सुमारे २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच असलेली ही छत्री मिर्झाराजे जयसिंगाने बांधली असे मानतात. छत्री म्हटली की समाधी, असे समजून अनेक जण येथे जयसिंगाची समाधी शोधतात. तो १६६७ मध्ये बऱ्हाणपूरला वारला आणि त्याची स्मारक-छत्री तेथे आहे. बाळापूरची छत्री कोरीव खांबांचा मंडप म्हणून, नदीवरचा वारा घेत, पाहावी.

अमरावतीत तर नदीच नाही. अंबानाला आहे, आणि त्याच्या काठाने चालण्याची शिफारस कोणीही करू नये. तथापि अंबादेवी व एकवीरा ही शेजारची देवळे, त्यांतील अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशासाठी १९२७ मध्ये झालेला सत्याग्रह, आणि देवळांपासून जवळच उभा असलेला परकोट यांमुळे हा भाग पायी पाहण्यासाठी वऱ्हाडात अव्वल आहे. परकोट म्हणजे शहराभोवतीचा दगडी तट. पेंढाऱ्यांच्या, म्हणजे टोळ्या करून लूट करणाऱ्या घोडेस्वारांच्या, उपद्रवापासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात १८०७ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे येथे माणसाने वाकून जावे असा लहान दरवाजा. जवाहर गेटच्या खाली गर्दीत उभे राहून वर पाहण्यापेक्षा एका दरवाजातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर पडावे, म्हणजे तट शहरात कोठे लपला आहे ते कळते. तटाला लागून घरे आहेत. त्यांच्या अंगणातून जाताना विचारून जावे आणि छायाचित्र घेण्यापूर्वी तर अवश्य विचारावे.

अमरावतीचा खरा पाणकाठ म्हणजे वडाळी आणि छत्री हे दोन तलाव. एकेकाळी शहराची तहान भागवणारे हे तलाव अप्पर वर्धा धरणाचे पाणी आल्यावर फिरण्याची ठिकाणे झाले, आणि बांधावरून सलग चालण्याचे सुख वऱ्हाडात कोठे मिळत असेल तर ते येथेच. मात्र उन्हाळ्यात पाणी तळाला जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन्ही तलावांना लागून पोहरा-मालखेडच्या जंगलाची कड आहे आणि त्या जंगलात बिबट्यांचा वावर असून ते वस्तीच्या आसपासही दिसतात. तांबडे फुटताच किंवा अंधार पडू लागताना एकट्याने, विशेषतः कानांत गाणी लावून, जंगलाच्या बाजूने फेरी मारणे टाळावे; उजाडल्यावर, माणसांची वर्दळ सुरू झाल्यावर जावे, लहान मुलांना पुढे धावू देऊ नये, आणि सूर्यास्त पाहायचाच असेल तर तो वडाळीच्या बांधावर वस्तीच्या बाजूस उभे राहून पाहावा व उजेड असतानाच रस्ता गाठावा.